योग्य उपचारकाचा शोध : बोधनिक वर्तनोपचाराच्या इतिहासातील एक प्रश्न

मानसोपचाराचा इतिहास बहुधा पद्धतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मनोविश्लेषणाचे वर्चस्व ओसरले, वर्तनोपचार पुढे आला, कालांतराने त्यास बोधनाची जोड मिळाली, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. या मांडणीत रुग्ण हा पद्धतीचा विषय म्हणून येतो. निवड करणारी व्यक्ती म्हणून तो क्वचितच दृष्टीस पडतो. वास्तविक, चिंतेने किंवा अवसादाने गांजलेल्या मनुष्यापुढे प्रथम उभा राहणारा प्रश्न अगदी साधा असतो : कोणाकडे जावे, आणि ज्याच्याकडे गेलो तो आपणांस योग्य आहे हे कशावरून ओळखावे? इंग्रजीत ज्यास 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी' म्हणतात त्या बोधनिक वर्तनोपचाराच्या संदर्भात हा प्रश्न कसकसा बदलत गेला आणि त्यास कोणती उत्तरे मिळाली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. मराठी भाषकांपुरता या प्रश्नास भाषेचा एक स्वतंत्र पदर आहे. त्याचे विवेचन उत्तरार्धात येईल.

(१) पद्धतीचे प्राधान्य

१९५२ साली हान्स आयझेंक यांनी २४ अभ्यासांचा आढावा घेऊन असे प्रतिपादन केले की, मज्जाविकृतीचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचार घेवोत वा न घेवोत, दोन वर्षांच्या आत सुधारतात. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. परंतु उपचाराची परिणामकारकता पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे, ही मागणी त्यानंतर मागे पडली नाही. १९५८ साली जोसेफ वोल्पे यांचा भीतिनिवारणाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वर्तनोपचाराने भीतीचे लहान लहान टप्पे पाडले व प्रत्येक टप्प्यावर काय करावे हे नेमके सांगितले. पद्धत इतकी स्पष्ट असेल, तर ती कोण वापरतो यास फारसे महत्त्व उरत नाही, अशी समजूत त्यातून बळावली. उपचारकाचे व्यक्तिमत्त्व हा मनोविश्लेषणाच्या काळातील एक गूढ विषय होता; तो आता बाजूस सारता येईल, असे अनेकांस वाटले.

याच सुमारास मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेल्या दोन अमेरिकन उपचारकांनी त्या पद्धतीचा त्याग केला. न्यूयॉर्क येथील अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडण्यास प्रारंभ केला व १९६२ साली तिचे सविस्तर विवेचन ग्रंथरूपाने केले. फिलाडेल्फिया येथील आरन बेक (१९२१–२०२१) यांचे अवसाद आणि विचार यांच्या संबंधाविषयीचे दोन निबंध १९६३ व १९६४ साली प्रसिद्ध झाले. एपिक्टेटस आदी स्टोइक तत्त्वज्ञांचे ऋण दोघांनीही मान्य केलेले आहे. घटना मनुष्यास जितकी अस्वस्थ करते, त्याहून अधिक त्या घटनेविषयी तो स्वतःशी जे बोलतो त्याने तो अस्वस्थ होतो, हा या दोघांच्याही विचाराचा गाभा होय.

बेक यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेला एक प्रसंग येथे विशेष उद्बोधक आहे. मनोविश्लेषणाच्या रिवाजानुसार मनात येईल ते बोलत असताना एका रुग्णाने बेक यांच्यावरच रागाने टीका केली. आता काय वाटते, असे बेक यांनी विचारता, फार अपराधी वाटते, असे उत्तर मिळाले; आणि ही टीका चालू असतानाच आपण असे बोलावयास नको होते, आपण वाईट आहोत, अशा आशयाचे दुसरे विचार मनात सतत वाहत होते, हेही त्याने सांगितले. हा दुसरा प्रवाह त्याने तोपर्यंत कधी उघड केला नव्हता. ज्यांना पुढे 'स्वयंचलित विचार' हे नाव मिळाले, त्यांचा मागोवा बेक यांना अशा प्रसंगांतून लागला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो विचार उपचारकाच्या संदर्भातच उद्भवलेला होता. ज्या पद्धतीत उपचारकाची व्यक्ती गौण मानली जाईल असे वाटत होते, तिच्या आरंभीच्या निरीक्षणांतच उपचारक आणि रुग्ण यांचे नाते उपस्थित होते.

(२) एक रुग्ण, तीन उपचारक

निवडीच्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध प्रात्यक्षिक १९६४ साली चित्रित झाले व १९६५ साली प्रसृत झाले. एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी तयार केलेल्या या चित्रपटात ग्लोरिया या नावाने ओळखली जाणारी एक घटस्फोटित तरुण माता कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस यांना एकापाठोपाठ एक भेटते. रॉजर्स ऐकून घेतात व तिच्या भावना तिच्यापुढे पुन्हा ठेवतात. पर्ल्स तिला डिवचतात, तिच्या हास्यातील विसंगती दाखवून देतात. एलिस तिच्या भीतीमागील गृहीते उलगडतात व प्रत्यक्ष व्यवहारात काय करून पाहावे हे सांगतात. एलिस यांच्या भेटीत अल्प अवधीत फार मुद्दे मांडले गेले, हे पाहणाऱ्याच्या सहज ध्यानी येते.

भेटी संपल्यावर ग्लोरियाने तूर्त आपणांस पर्ल्स यांचा उपयोग अधिक होईल, असे मत दिले. परंतु पुढील अनेक वर्षे तिचा पत्रव्यवहार राहिला तो रॉजर्स यांच्याशी, आणि पर्ल्स यांच्या भेटीविषयीचे तिचे मत कालांतराने प्रतिकूल झाले. प्रात्यक्षिकासाठी योजलेल्या तीन अल्प भेटींवरून कोणत्याही पद्धतीचा कमीअधिकपणा ठरविणे अशास्त्रीय होईल. तथापि एक गोष्ट त्यावरून निश्चित दिसते. पहिल्या भेटीतील ठसा आणि दीर्घकाळ टिकणारा विश्वास या भिन्न वस्तू आहेत, व पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढताना स्वतः रुग्णाचीही चूक होऊ शकते.

(३) नात्याचे पुनरागमन

सर्व उपचारपद्धतींमध्ये काही घटक समान असावेत, हा विचार सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ सालीच मांडला होता. १९७५ साली लेस्टर लुबोर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनात्मक अभ्यासांचा आढावा घेऊन पद्धतींमधील फरक अपेक्षेहून अल्प असल्याचे दाखविले. तत्पूर्वी, १९६७ साली, गॉर्डन पॉल यांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलावयास सुचविले होते. उपचार गुणकारी आहे काय, असे सरसकट विचारण्याऐवजी कोणता उपचार, कोणाच्या हातून, कोणत्या व्यक्तीस, तिच्या कोणत्या अडचणीवर, कोणत्या परिस्थितीत उपयुक्त ठरतो, असे विचारावे, हे त्यांचे म्हणणे होते. योग्य उपचारकाचा शोध घेणाऱ्या रुग्णाचा प्रश्न आणि संशोधकाचा प्रश्न येथे प्रथमच एकरूप झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रश्नास व्यवहारोपयोगी रूप दिले ते एडवर्ड बोर्डिन यांनी. १९७९ च्या निबंधात त्यांनी उपचारक व रुग्ण यांच्यातील सहकार्याची तीन अंगे सांगितली : साध्याविषयी एकमत, करावयाच्या कामांविषयी एकमत, आणि परस्परांतील विश्वासाचे बंधन. यांतील केवळ तिसरे अंग भावनेचे आहे. पहिली दोन तपासून पाहता येण्याजोगी आहेत. उपचारक मनमिळाऊ आहे, परंतु रुग्णास पुन्हा कामावर रुजू व्हावयाचे असताना तो बालपणाच्या स्मृतींतच रमला आहे, तर बंधन असूनही पहिल्या अंगाचा अभाव आहे. गर्दीची भीती घालविण्यासाठी गर्दीत जाण्याचा सराव आवश्यक आहे असे उपचारक म्हणतो आणि रुग्णास त्याचे प्रयोजनच पटलेले नाही, तर तेथे दुसऱ्या अंगाचा अभाव आहे. 'हे आपल्याला जमत नाही' असे रुग्णास वाटते तेव्हा नेमके काय जमत नाही, हे या विभागणीमुळे सांगता येते.

त्याच १९७९ साली बेक, रश, शॉ व एमरी यांचा अवसादाच्या बोधनिक उपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रॉजर्स यांनी १९५७ साली आस्था, समानुभूती व प्रांजळपणा यांना आवश्यक आणि पर्याप्त मानले होते. या ग्रंथाने त्यांस आवश्यक मानले. पर्याप्त मात्र मानले नाही. उपचारक आणि रुग्ण यांनी मिळून विचारांची पुराव्यावर पारख करावयाची, असे या पद्धतीतील नात्याचे स्वरूप आहे. १९९० साली डीरूबीस व फीली यांनी बोधनिक उपचाराच्या एका लहान अभ्यासात असे दाखविले की, आरंभीच्या भेटींत नेमक्या तंत्रांचा वापर झाला तर पुढील सुधारणा अधिक होते, आणि सुधारणा झाल्यावर नातेही दृढ होते. म्हणजे चांगले नाते हे केवळ सुधारणेचे कारण नसून काही अंशी तिचे फलही असते. निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पहिल्याच भेटीत जिव्हाळा जाणवला नाही म्हणून उपचारक सोडणे घाईचे ठरेल. आणि जिव्हाळा आहे पण काम होत नाही, अशा स्थितीत वर्षानुवर्षे थांबणे तितकेच चुकीचे ठरेल.

(४) उपचारकाची पारख

बोधनिक वर्तनोपचाराने आणखी एक गोष्ट केली. उपचारकाचे कौशल्य मोजण्याचे साधन त्याने निर्माण केले. १९८० साली जेफ्री यंग व बेक यांनी तयार केलेल्या श्रेणीत ११ बाबी असून प्रत्येक बाबीस ० ते ६ गुण, एकूण ६६, आणि पात्रतेची प्रचलित मर्यादा ४० अशी योजना आहे. भेटीच्या आरंभी कार्यक्रम ठरविणे, रुग्णाचा अभिप्राय विचारणे, वेळेचा समतोल राखणे, प्रश्नांच्या द्वारे रुग्णास स्वतः निष्कर्षाप्रत नेणे, घरी करावयाचे काम देणे व त्याचा पाठपुरावा करणे, या बाबींचा त्यांत समावेश आहे. ही श्रेणी तज्ज्ञ परीक्षकांसाठी आहे; परंतु यांतील कित्येक बाबी सामान्य रुग्णासही दिसू शकतात. चार भेटी होऊनही एकदाही कार्यक्रम ठरला नाही, अभिप्राय विचारला गेला नाही, घरचे काम दिले गेले नाही, तर पाटीवर नाव कोणत्याही पद्धतीचे असो, चाललेला उपचार बोधनिक वर्तनोपचार आहे किंवा नाही याची शंका घेण्यास जागा आहे.

इंग्लंडने हा प्रश्न संस्थेच्या पातळीवर सोडविण्याचा प्रयत्न केला. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या पुढाकाराने २००८ साली तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेत चिंता व अवसाद यांवरील मानसोपचाराची देशव्यापी योजना सुरू झाली. उपचारकांस ठरावीक शिक्षण देण्यात आले व प्रत्येक भेटीस लक्षणांची नोंद करण्याचा नियम झाला. अशा व्यवस्थेत रुग्णास व्यक्तीची निवड करण्यास फारसा वाव नसतो. त्याऐवजी किमान कौशल्याची हमी मिळते.

भारतात अशी देशव्यापी हमी निर्माण झालेली नाही. १९५४ साली बंगलोर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली व चिकित्सा मानसशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण तेथे सुरू झाले. १९७४ साली तिचे रूपांतर आजच्या निम्हान्स संस्थेत झाले. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीस वैधानिक आधार मिळाला. परंतु समुपदेशक ही संज्ञा व्यवहारात फार सैल राहिली. अल्पकालीन वर्गाचे प्रमाणपत्र मिळविलेला आणि रुग्णालयात देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेला, असे दोघेही त्या एकाच नावाने ओळखले जाऊ शकतात. म्हणून येथे पारखण्याचा भार मोठ्या प्रमाणावर रुग्णावर व त्याच्या कुटुंबीयांवर पडतो.

(५) भाषेचा पदर

महाराष्ट्रात एलिस यांच्या विचाराचा प्रसार तुलनेने लवकर झाला. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून या पद्धतीचा अभ्यास व अध्यापन केले. ठाणे येथे १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ती मराठी समाजात रुजविली. डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकाद्वारे एलिस यांचे चरित्र मराठी वाचकांपुढे आणले. 'रॅशनल' या शब्दासाठी मराठीने 'तर्कनिष्ठ' न स्वीकारता 'विवेकनिष्ठ' हा शब्द पसंत केला, हेही अर्थपूर्ण आहे. विवेक म्हणजे मुळात निराळे करणे, वेचणे. आणि एलिस यांच्या पद्धतीतील मुख्य क्रिया इच्छा आणि हट्ट यांना एकमेकांपासून निराळे करणे हीच आहे.

परंतु ही क्रिया मराठीत करू जाता एक अडचण उभी राहते. एलिस यांनी अविवेकी विचाराची खूण म्हणून इंग्रजीतील सक्तिवाचक क्रियापदांवर बोट ठेवले. इंग्रजीत इच्छा दाखविणारा शब्द निराळा व सक्ती दाखविणारा निराळा. मराठीत 'मला चहा पाहिजे' येथे 'पाहिजे' इच्छावाचक आहे, आणि 'त्याने आले पाहिजे' येथे तेच कर्तव्यवाचक आहे. 'पाहणे' या धातूच्या जुन्या कर्मणी रूपातून आलेल्या या एकाच शब्दाने दोन्ही कामे केली जातात. 'मुलाने माझे ऐकले पाहिजे' या वाक्यात आईची इच्छा आहे की हट्ट, हे केवळ शब्दावरून ठरत नाही. मराठी भाषक हा भेद पुष्कळदा 'च' या अव्ययाने करतो : 'ऐकलेच पाहिजे.' इंग्रजी पुस्तकातील शब्दांची यादी घेऊन बसलेल्या उपचारकाच्या हातून हा 'च' निसटण्याचा संभव आहे. मराठीत विचार करणारा उपचारक तो नेमका पकडील.

दुसरे उदाहरण भावनावाचक रचनेचे आहे. 'मला राग आला', 'मला भीती वाटते' या वाक्यांत भावना भोगणारी व्यक्ती चतुर्थीत असते; राग हा येणारा, व्यक्ती ही त्याचे स्थान. एलिस यांचा आग्रह असा की, मनुष्य स्वतःच स्वतःस रागावलेला करतो. हे वाक्य मराठीत शब्दशः उतरविले तर ते कृत्रिम होते आणि रुग्णास तो आपल्यावरील आरोप वाटू शकतो. 'राग आला तेव्हा मनात काय चालले होते?' असे विचारणारा उपचारक भाषेच्या प्रकृतीस न दुखविता तेच साधतो. यावरून मराठीत हा विचार मांडताच येत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो मांडण्याची वाट निराळी आहे, एवढेच.

तिसरी बाब स्वगताच्या सुराची. परीक्षेपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात 'मी काय दिवे लावणार!' हे वाक्य येते. नोंदवहीत त्याचे 'मी अनुत्तीर्ण होईन' असे इंग्रजी रूपांतर झाले, तर अर्थ काहीसा राहतो, पण त्यातील उपहास व तो उपहास प्रथम ज्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला त्याचा आवाज नाहीसा होतो. 'लोक काय म्हणतील?' हा विचार तर प्रश्नाच्या रूपातच राहतो. त्याचे विधान केल्यावाचून त्याची पारख करता येत नाही. जी पद्धती मनातील वाक्यांवरच काम करते, तिच्यात ती वाक्ये ज्या भाषेत उमटतात त्या भाषेतच नोंदविली जाणे इष्ट आहे. ग्रायनर व स्मिथ यांनी २००६ साली ७६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. रुग्णांच्या मातृभाषेत केलेले उपचार इंग्रजीत केलेल्या उपचारांच्या सुमारे दुपटीने परिणामकारक ठरल्याचे त्यात आढळले. तो पुरावा मुख्यतः अमेरिकेतील अल्पसंख्य समाजांचा आहे, हे मात्र विसरता कामा नये.

याची दुसरी बाजूही आहे. राल्फ ग्रीनसन यांनी १९५० साली एका जर्मनभाषक स्त्रीचा वृत्तांत दिला. ती उपचारात मातृभाषा टाळीत असे. कारण त्या भाषेत तिला स्वतःविषयीची बालपणीची घृणा पुन्हा जाणवे, व इंग्रजीत ती निराळी स्त्री असे. परक्या भाषेने मिळणारे हे अंतर काहींस प्रारंभी बोलण्याचे धैर्य देते. मराठी घरातील एखादी तरुणी वैवाहिक जीवनाविषयी इंग्रजीतच बोलू शकत असेल, तर तिला मराठीचा आग्रह करणे अनाठायी होईल. गरज आहे ती दोन्ही भाषांत ये-जा करू शकणाऱ्या उपचारकाची.

अपेक्षांचा प्रश्नही भाषेशी निगडित आहे. जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरु-शिष्य नात्याचा मानसोपचाराच्या दृष्टीने विचार करून, भारतीय रुग्ण मार्गदर्शकाच्या अपेक्षेने येतो, याकडे लक्ष वेधले. प्रश्नांनी चालणारी बेक यांची रीत अशा रुग्णास विचित्र वाटू शकते : 'सगळे मलाच विचारता, मग मी तुमच्याकडे आलो कशाला?' प्रश्न विचारण्यामागील हेतू जो उपचारक आरंभीच समजावून सांगतो, तो बोर्डिन यांनी सांगितलेले दुसरे अंग साधतो. जो थेट गुरूच्या आसनावर बसतो, तो रुग्णास प्रिय होईल; पण रुग्ण स्वतःच्या विचारांची पारख करण्यास त्याच्याकडून शिकेल, असे नाही.

(६) समारोप

या इतिहासावरून निवडीची एक रीत हाती येते. प्रथम उपचारकाचे शिक्षण, नोंदणी व देखरेखीखालील अनुभव यांची विचारपूस करावी. ती उद्धटपणाची नव्हे, आणि सुजाण उपचारक तिचा राग धरीत नाही. आपल्या अडचणीसारख्या अडचणींवर त्याने काम केले आहे काय, कोणत्या भाषेत, व साधारण किती भेटींनंतर प्रगतीचा आढावा घेतला जाईल, हेही विचारावे. जेथे औषधाची गरज संभवते किंवा आत्महत्येचे विचार येतात, तेथे ही पारख करीत न थांबता प्रथम मनोविकारतज्ज्ञ गाठावा. पुढे चार-सहा भेटींनंतर साध्य, काम आणि विश्वास ही तीन अंगे पुन्हा तपासावी. कमतरता दिसल्यास ती आधी उपचारकासच सांगावी. जेरेमी सॅफ्रन व झिंडेल सीगल यांनी १९९० साली दाखविल्याप्रमाणे नात्यात पडलेली फट उघड बोलून सांधणे हाही उपचाराचाच भाग होऊ शकतो. बेक यांच्या त्या रुग्णाने आपला दुसरा विचारप्रवाह उघड केला नसता, तर त्याचा उपयोग कोणालाच झाला नसता.

हे सांगूनही फरक पडला नाही, तर उपचारक बदलावा. येथेच सर्वांत मोठा धोका असतो. एका ठिकाणी उपयोग झाला नाही की कित्येक रुग्ण 'मी बरा होण्यातला नाहीच' असे म्हणून उपचाराचाच मार्ग सोडून देतात. एका उपचारकाशी जमले नाही, या एका घटनेवरून काढलेले ते सर्वव्यापी अनुमान आहे, आणि त्यात तो 'च'ही आहे. कोणताही चांगला बोधनिक उपचारक ज्या वाक्यापुढे थांबून पुरावा विचारील, असे ते वाक्य आहे. तो पुरावा विचारणारा उपचारक मिळेपर्यंत, निदान हे वाक्य अद्याप सिद्ध झालेले नाही, एवढे रुग्णाने व त्याच्या आप्तांनी ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.